खेळाडूचे उत्तरायुष्य आणि आकड्यांची साक्ष

१

क्रीडापटूच्या आयुष्याचे दोन खंड पडतात आणि ते परस्परांशी अत्यंत विषम असतात. पहिला खंड अल्प, तेजस्वी व लोकांच्या डोळ्यांसमोर घडणारा. दुसरा दीर्घ, निःशब्द आणि बहुधा कोणाच्याही नोंदीत नसलेला. ज्या वयात वकील, वैद्य किंवा अध्यापक आपल्या व्यवसायात नुकताच स्थिरावू लागतो, त्या वयात खेळाडूचा व्यवसाय संपुष्टात आलेला असतो. म्हणून खेळाडूचे शिक्षण हा केवळ पाठ्यक्रमाचा प्रश्न नव्हे. पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या निर्वाहाचा आणि प्रतिष्ठेचा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाला अलीकडे एक नवे उत्तर दिले जात आहे. खेळाडूच्या हृदयाचे ठोके, झोपेचे तास, धावेचा वेग, दुखापतींचा इतिहास यांची नोंद आता यंत्रे ठेवतात. त्याचे परीक्षेतील गुण, वर्गातील उपस्थिती व निवडलेले विषय विद्यापीठाच्या दप्तरी असतात. ही सारी विदा, जिला व्यवहारात डेटा म्हणतात, एकत्र आणून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती द्यावी, म्हणजे कोणत्या खेळाडूने कोणता विषय घ्यावा, कोण शिक्षणात मागे पडण्याचा संभव आहे, खेळ संपल्यावर कोणाला कोणता व्यवसाय मानवेल, हे वेळीच सांगता येईल, असा हा विचार आहे. युरोपीय संघाने २०१२ मध्ये खेळाडूंच्या ‘दुहेरी कारकिर्दी’विषयी मार्गदर्शक सूत्रे तयार केली, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने एप्रिल २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे आपले धोरण जाहीर केले. या दोन प्रवाहांचा संगम होणे आता केवळ कालाचा प्रश्न आहे.

नव्या साधनाविषयीचा दावा तपासावयाचा, तर त्याच कार्यासाठी वापरलेल्या जुन्या साधनाचा इतिहास पाहणे हाच विश्वसनीय मार्ग होय. या दृष्टीने अमेरिकेतील विद्यापीठांचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. खेळाडूंच्या शिक्षणाची मोजदाद इतक्या बारकाईने व इतक्या उघडपणे क्वचितच अन्यत्र झाली असेल. त्या मोजदादीने कोणाचे हित साधले, आणि तिच्या जाळ्यातून काय निसटले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर नव्या दाव्याचे मूल्य अवलंबून आहे.

२

मोजदादीचा विचार करण्यापूर्वी जिच्याविषयी मोजदाद होते त्या संज्ञेकडे पाहणे अगत्याचे आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडूला ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हणतात. या जोडशब्दात विद्यार्थी आधी आणि खेळाडू नंतर येतो. त्यामुळे संज्ञा शिक्षणाच्या कैवारातून जन्मली असावी, असा ग्रह होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. कोलोरॅडो राज्यातील फोर्ट लुइस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू १९५५ मध्ये फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला इजा होऊन मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा केला. खेळाडू हा महाविद्यालयाचा नोकर ठरतो काय, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा नामंजूर केला.

राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, जी एनसीएए या आद्याक्षरांनी ओळखली जाते, तिची धुरा त्या काळी वॉल्टर बायर्स यांच्याकडे होती. खेळाडू नोकर ठरण्याच्या याच धोक्यावर उतारा म्हणून ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा योजण्यात आली आणि नियमांत सर्वत्र रुजविण्यात आली, अशी कबुली बायर्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. तात्पर्य, खेळाडूला विद्यार्थी म्हणण्यामागे त्याला शिकविण्याच्या इच्छेपेक्षा त्याला वेतन व भरपाई न देण्याची सोय अधिक होती. संज्ञेचा उगम सदोष असला म्हणजे तिचा पुढील सर्व वापर दूषित ठरतो, असे नव्हे. तथापि, ज्या शब्दावर पुढे आकड्यांची इमारत उभारली गेली, त्याचा पाया संस्थेच्या सोयीचा होता, याचे विस्मरण होऊ नये.

३

खेळाडूंचे शिक्षण नावापुरते होते अशी टीका वाढल्यावर संघटनेने सुधारणा हाती घेतल्या. २००३ मध्ये तिच्या अध्यक्षपदी आलेले माइल्स ब्रँड हे मुळात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांच्या कारकिर्दीत ‘शैक्षणिक प्रगती निर्देशांक’ अमलात आला. त्याची रीत सोपी आहे. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक खेळाडूला प्रत्येक सत्रात दोन गुण मिळू शकतात: तो विद्यापीठात टिकून राहिला तर एक, आणि खेळण्यास शैक्षणिकदृष्ट्या पात्र राहिला तर दुसरा. संघाने मिळविलेल्या गुणांस संभाव्य गुणांनी भागून हजाराने गुणावयाचे. दहा खेळाडूंचा संघ धरला, तर दोन सत्रांत संभाव्य गुण चाळीस होतात. एक खेळाडू दुसऱ्या सत्रात अपात्र होऊन निघून गेला, तर दोन गुण बुडून निर्देशांक ९५० होतो. असे दोघे गेले, तर तो ९०० वर येतो. चार वर्षांच्या सरासरीसाठी ९३० ही किमान मर्यादा ठरविण्यात आली. तिच्याखाली घसरणाऱ्या संघास शिक्षा होऊ शकते. २०११ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरलेल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला याच कारणाने २०१३ च्या अंतिम स्पर्धेत भाग घेता आला नाही.

ही योजना निष्फळ ठरली असे म्हणता येणार नाही. पूर्वी खेळाडूच्या शिक्षणाविषयी प्रशिक्षकाला काहीही देणेघेणे नव्हते. आता एका खेळाडूच्या नापास होण्याची किंमत साऱ्या संघाला मोजावी लागू लागली. परंतु या निर्देशांकात काय मोजले जाते, हे बारकाईने पाहिले पाहिजे. टिकणे आणि पात्र असणे या दोन्ही गोष्टी खेळाडूच्या मैदानावरील उपस्थितीशी संबंधित आहेत. तो काय शिकला, कोणता विषय त्याला आवडला, त्या विषयाचा पुढे काय उपयोग होईल, यांतील एकाही गोष्टीस निर्देशांकात स्थान नाही. शिक्षणाचे मोजमाप म्हणून जे मांडले गेले, ते वस्तुतः खेळण्याच्या परवानगीचे मोजमाप होते.

याच काळातील दुसरा एक नियम अधिक सूक्ष्म परिणाम करणारा ठरला. दुसरे वर्ष संपेपर्यंत निवडलेल्या पदवीचा ४० टक्के, तिसरे संपेपर्यंत ६० टक्के व चौथे संपेपर्यंत ८० टक्के अभ्यासक्रम पुरा झाला पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. हेतू स्तुत्यच होता: खेळाडूने चार वर्षे विस्कळीत विषय घेऊन रिकाम्या हाताने बाहेर पडू नये. पण ज्या वयात विद्यार्थ्याने विषय चाचपून पाहावेत, चुकावे, बदलावे, त्या वयात बदल करणे खेळाडूला महाग पडू लागले. तिसऱ्या वर्षी ज्याला अभियांत्रिकीची किंवा जीवशास्त्राची ओढ लागेल, त्याला ती ओढ दाबून टाकणे भाग पडे. कारण नव्या पदवीच्या हिशेबात त्याची टक्केवारी कमी भरण्याचा धोका असे. परिणामी सरावाच्या वेळेशी जुळणाऱ्या, सोप्या समजल्या जाणाऱ्या थोड्या विषयांत खेळाडूंची गर्दी होण्याच्या प्रवृत्तीस बळ मिळाले. उत्तरायुष्याची तयारी व्हावी म्हणून केलेल्या नियमाने उत्तरायुष्याचा विचार करण्याची मोकळीकच आखडली.

या प्रवृत्तीचे टोक नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दिसले. चॅपेल हिल येथील या नामांकित संस्थेत १९९३ ते २०११ या अठरा वर्षांत एका विभागामार्फत असे वर्ग चालले की ज्यांत तासच होत नसत. एक निबंध लिहिला की उदार हाताने गुण मिळत. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी हे वर्ग घेतले आणि त्यांतील नोंदण्यांपैकी जवळजवळ निम्म्या खेळाडूंच्या होत्या. गैरप्रकाराचा आरंभ निर्देशांकाच्या पूर्वीचा आहे; म्हणून त्याचे खापर निर्देशांकावर फोडणे अन्यायाचे होईल. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. निर्देशांक अस्तित्वात आल्यावरही कित्येक वर्षे हे वर्ग चालू राहिले आणि आकड्यांना त्याचा सुगावा लागला नाही. आकड्यांच्या दृष्टीने तो विद्यार्थी टिकलेला होता व पात्रही होता. पुढे २०१७ मध्ये संघटनेनेही, हे वर्ग केवळ खेळाडूंसाठी नव्हते तर सर्वांना खुले होते, या आधारावर आपल्या नियमांचा भंग सिद्ध होत नाही असा निर्णय दिला. मोजमाप निर्दोष राहिले आणि शिक्षण नाहीसे झाले.

सामाजिक निर्णयांसाठी एखादा संख्यात्मक निकष जितका अधिक वापरावा, तितका तो भ्रष्ट होण्याचा व ज्या प्रक्रियेवर देखरेख ठेवावयाची तिलाच भ्रष्ट करण्याचा संभव वाढतो, हा विचार मानसशास्त्रज्ञ डोनल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच मांडला होता. खेळाडूंच्या शिक्षणाचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण म्हणता येईल.

४

निकष भ्रष्ट होतो, एवढाच दोष असता तर कडक तपासणीने तो दूर झाला असता. याहून खोल दोष छेदस्थानी आहे. कोणतेही प्रमाण म्हणजे अंश आणि छेद. अंशाकडे सर्वांचे लक्ष जाते. छेदात कोणाला धरले व कोणाला वगळले, हे क्वचितच विचारले जाते.

खेळाडूंच्या पदवीचे प्रमाण अमेरिकेत दोन रीतींनी काढतात. संघराज्य सरकारच्या रीतीप्रमाणे, ज्या विद्यापीठात विद्यार्थी प्रथम दाखल झाला त्याच विद्यापीठातून सहा वर्षांच्या आत पदवी न घेतल्यास तो अपदवीधर गणला जातो. दुसरीकडे जाऊन पदवी घेतली तरीही. ही रीत अन्यायाची आहे, या आक्षेपात तथ्य होते. म्हणून क्रीडा संघटनेने आपले स्वतंत्र ‘पदवी-यश प्रमाण’ सिद्ध केले. त्यात शैक्षणिक स्थिती समाधानकारक असताना विद्यापीठ सोडून गेलेल्या खेळाडूला छेदातूनच काढून टाकतात. पहिल्या रीतीने सर्वोच्च विभागातील खेळाडूंचे प्रमाण सत्तरीच्या आसपास येते. दुसऱ्या रीतीने ते अलीकडच्या वर्षांत नव्वदीच्या आसपास पोहोचले आहे.

या दोन आकड्यांपैकी खरा कोणता, हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाचा प्रश्न असा की, त्यांच्यामधील अंतरात जी माणसे आहेत त्यांचे काय झाले? काहींनी अन्यत्र पदवी घेतली असेल, काही व्यावसायिक संघांत गेले असतील. आणि काही दुखापतीने वा निराशेने शिक्षण सोडून घरी परतले असतील. पहिली रीत या सर्वांना अपयशी म्हणते. दुसरी त्यांना अस्तित्वातच नाही असे मानते. त्यांच्या पुढील आयुष्याची विचारपूस दोन्ही रीती करीत नाहीत. उत्तरायुष्याच्या शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती नेमकी ज्यांच्यापाशी होती, तेच नोंदीबाहेर गेले.

छेदाच्या जोडीला कालाचाही दोष आहे. कनेक्टिकटच्या बास्केटबॉल संघाने २०१४ मध्ये पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, तेव्हा त्या संघाचे पदवी-यश प्रमाण अवघे ८ टक्के असल्याची चर्चा झाली. परंतु तो आकडा त्या वेळी मैदानावर असलेल्या मुलांचा नव्हताच. २००३ ते २००६ या काळात दाखल झालेल्यांचा होता. सहा वर्षांची मुदत संपल्याशिवाय प्रमाण काढता येत नसल्याने असे होणे अटळ आहे. आकडा आजचा म्हणून वाचला जातो, पण बोलतो तो एका गेलेल्या पिढीविषयी.

५

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार या पार्श्वभूमीवर केला म्हणजे तिच्याविषयीचा दावा योग्य प्रकाशात दिसू लागतो. भाकीत करणारे कोणतेही यंत्र-प्रतिमान भूतकाळातील नोंदींतून नमुने शोधते आणि नव्या व्यक्तीला त्यांपैकी जवळच्या नमुन्यात बसविते. ज्या नोंदींत पूर्वीच्या खेळाडूंनी सरावाच्या सोयीसाठी ठराविक विषय घेतले, त्या नोंदींवर शिकलेले यंत्र नव्या खेळाडूलाही त्याच विषयांची शिफारस करील. त्या विषयांत त्याच्यासारखे विद्यार्थी उत्तीर्ण होतात, हे यंत्राचे म्हणणे खरेही असेल. पण जी गोष्ट पूर्वी सक्तीने घडली, ती आता शास्त्राच्या नावाने सल्ला म्हणून समोर येईल. ज्यांची नोंदच नाही, त्यांच्याविषयी यंत्र मौन पाळील आणि ते मौन ऐकू येणार नाही. पूर्वीच्या आकड्यांचा दोष निदान कोष्टकात शोधता येत असे. यंत्राच्या सल्ल्यात तो विरघळून जातो.

ही केवळ तर्काची भीती नव्हे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी अशी भाकिते करणारी प्रणाली वापरात आणली आहे. ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने २०२१ मध्ये दाखवून दिले की, काही विद्यापीठांत विद्यार्थ्याचा वंश हा त्या भाकितातील एक प्रभावी घटक होता, आणि काही ठिकाणी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर ‘धोका अधिक’ असा शिक्का गौरवर्णीयांच्या तुलनेने चौपटीपर्यंत जास्त प्रमाणात बसत होता. अमेरिकी फुटबॉल व बास्केटबॉल या मोठे उत्पन्न देणाऱ्या खेळांत कृष्णवर्णीय खेळाडूंचा भरणा फार मोठा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या शिक्क्याचे गांभीर्य कळते. गणितात तुझे भवितव्य नाही असे ज्याला अठराव्या वर्षी सुचविले जाते, तो गणित सोडतो. आणि त्याने गणित सोडले ही नोंद पुढच्या भाकिताला पुरावा म्हणून जोडली जाते.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या शैक्षणिक वाटचालीवर आठशेहून अधिक सूचकांच्या साहाय्याने लक्ष ठेवण्यास प्रारंभ केला. तेथे पदवीचे प्रमाण वाढले आणि निरनिराळ्या समाजगटांतील तफावतही कमी झाली. परंतु त्या विद्यापीठाने यंत्राबरोबरच सल्लागारांची संख्याही मोठ्या प्रमाणात वाढविली होती. यंत्राने इशारा दिला की थोड्याच अवधीत एक माणूस विद्यार्थ्याला बोलावून घेत असे व काय अडले ते विचारीत असे. भाकिताचे फळ संभाषणात पडले म्हणून ते भाकीत हितकारक ठरले. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात शिक्षण व रोजगार या क्षेत्रांतील अशा प्रणालींचा समावेश अधिक जोखमीच्या वर्गात केला आहे, त्यामागेही हाच विवेक आहे असे म्हणता येईल.

६

विदा कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मायकल लुइस यांच्या दोन लेखनकृतींच्या साहाय्याने अधिक स्पष्ट करता येतो. त्यांचे ‘मनीबॉल’ हे २००३ चे पुस्तक ओकलंडच्या बेसबॉल संघाने आकडेशास्त्राच्या बळावर श्रीमंत संघांना कसे तोंड दिले याची कथा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्या कथेच्या पोटात खेळाडूच्या उत्तरायुष्याची एक दुसरी कथा दडलेली आहे. संघाचे सूत्रधार बिली बीन हे स्वतः १९८० मध्ये मोठ्या अपेक्षेने निवडलेले खेळाडू होते. पारख करणाऱ्यांना त्यांच्या देहयष्टीत भावी महापुरुष दिसला. स्टॅनफर्ड विद्यापीठाची वाट सोडून बीन यांनी करारावर सही केली. आणि खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द सामान्यच राहिली. १९९० मध्ये त्यांनी खेळ सोडून स्वतःच पारख्याचे काम पत्करले.

पुढे बीन यांच्या संघाने शाळकरी मुलांपेक्षा महाविद्यालयात खेळलेल्यांना पसंती देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे, तरुण बीनने विद्यापीठात जावयास हवे होते, याच निष्कर्षावर आकडेही येऊन पोहोचले. पण का? महाविद्यालयीन सामन्यांची आकडेवारी अधिक भरवशाची असते व त्यामुळे खरेदीदाराचा धोका कमी होतो, म्हणून. विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा विचार या हिशेबात कोठेच नाही. पुस्तकाचे यश येथेच त्याची मर्यादाही ठरते. डोळ्यांनी केलेली पारख सदोष असते, हे ते प्रभावीपणे सिद्ध करते. परंतु आकड्यांनी केलेली पारख कोणासाठी आहे, हे मात्र विचारीत नाही. खेळाडू पूर्वी पारख्याच्या नजरेचा विषय होता, तो आता गणिताचा विषय झाला. दोन्ही वेळी तो विषयच राहिला.

त्याच लेखकाच्या २००९ च्या शेन बॅटियरवरील दीर्घ लेखात या प्रश्नाचे उत्तर, लेखकाने तसे म्हटले नसले तरी, सापडते. बॅटियर हा ड्यूक विद्यापीठाचा पदवीधर. ह्यूस्टनच्या बास्केटबॉल संघात असताना प्रतिस्पर्ध्यांविषयीची जी आकडेवारी इतर खेळाडूंना दिली जात नसे, ती त्याला दिली जात असे. कारण तो ती वाचू शके, तिच्यावर विचार करू शके आणि मैदानावर क्षणार्धात तिचा उपयोग करू शके. कोबी ब्रायंटसारख्या असामान्य खेळाडूला कोणत्या जागेवरून नेम धरणे अवघड जाते हे जाणून, त्याला तिकडे वळविणे, हे त्याचे कौशल्य. २०१४ मध्ये बॅटियर निवृत्त झाला आणि २०१७ मध्ये मायामीच्या संघाने त्याच्याकडे आकडेविश्लेषणाचा विभाग सोपविला. त्याचा उत्तर-व्यवसाय त्याच्या खेळाच्या आतूनच उगवला, कारण खेळत असतानाच तो विदेचा विषय न राहता तिचा वाचक झाला होता.

एका उदाहरणावरून नियम काढणे धोक्याचे असते, हे येथेही विसरता कामा नये. बॅटियर आधीच सुशिक्षित होता. तो व्यावसायिक पातळीवर पोचला होता. अमेरिकी फुटबॉल व पुरुषांचे बास्केटबॉल यांत महाविद्यालयातून तेथवर पोचणारे शंभरांत दोनहूनही कमी असतात, असा खुद्द क्रीडा संघटनेचाच अंदाज आहे. परंतु या उदाहरणातून जी भूमिका निघते ती उरलेल्या अठ्ठ्याण्णवांसाठी अधिकच उपयोगी आहे. प्रत्येक खेळाडूपाशी स्वतःच्या देहाची व सरावाची वर्षानुवर्षांची विदा आज साठलेली असते. सरासरी म्हणजे काय, चढउतार कशास म्हणावे, योगायोग आणि कारण यांत भेद कसा करावा, एका सामन्यावरून निष्कर्ष का काढू नये, हे सारे शिकविण्यासाठी याहून जिवंत सामग्री कोणत्या वर्गात मिळणार? झोप कमी झाली म्हणून वेळ घसरली, की सराव बदलला म्हणून, हा प्रश्न जो खेळाडू स्वतःच्या नोंदींतून सोडवील, तो आरोग्यसेवा, अध्यापन, व्यापार यांपैकी कोणत्याही क्षेत्रात उपयोगी पडणारी विचाराची शिस्त घेऊन बाहेर पडेल.

७

महाराष्ट्रातील अभ्यासकांस हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. येथे खेळाडूच्या उत्तरायुष्याचे उत्तर मुख्यतः शासकीय नोकरीच्या रूपाने दिले गेले आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक देणारे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. क्रीडा-इतिहासाच्या कोष्टकात त्यांच्या नावापुढे वजनगट, वर्ष आणि पदक एवढेच असते. १९८४ मध्ये अपघाती मृत्यू येईपर्यंतच्या तीन दशकांना त्या कोष्टकात रकाना नाही.

पुढे राज्याने शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले. व्यवस्था न्याय्य आहे. पण तिच्यात नोकरीचे दार उघडणारी किल्ली म्हणजे क्रीडा-प्रमाणपत्र ठरले, आणि काही काळाने बनावट प्रमाणपत्रांचे प्रकार उघडकीस येऊन पडताळणी कडक करावी लागली. नॉर्थ कॅरोलायनातील निबंध आणि येथील बनावट प्रमाणपत्र यांची जातकुळी एकच आहे: निकषाच्या मागची वस्तू नसतानाही निकष पुरा करता येतो.

जुन्या तालमीतील वस्तादापाशी वहीखाते नव्हते. तरी कोणता गडी कोणत्या घरातून आला, कोणाचा गुडघा गेला, उतरलेला पहिलवान आता काय करतो, हे त्याला ठाऊक असे. त्या व्यवस्थेचा गौरव करण्यात अर्थ नाही. तिनेही अनेकांचे शिक्षण अर्ध्यावर तोडले. पण उतरलेल्या पहिलवानाची विचारपूस करणे हे वस्तादकीचे अंग होते. नव्या व्यवस्थेला कोट्यवधी आकडे साठविता येतात. ही विचारपूस मात्र तिने अद्याप आपल्या कर्तव्यात धरलेली नाही. शिवाय येथील खेळाडूंची निवड फार लहान वयात होते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीच्या विदेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. बारा वर्षांच्या धावपटू मुलीच्या शरीराची आज घेतलेली नोंद तिच्या पंचविसाव्या वर्षी नोकरी देणाऱ्याच्या हाती पडली, तर दुखापतीचा तो जुना आकडा तिच्या बाजूने बोलेल की विरुद्ध, हे आधीच ठरले पाहिजे.

८

या विवेचनातून कृत्रिम बुद्धिमत्तेचा त्याग करावा असा निष्कर्ष निघत नाही. यंत्र हजारोंच्या नोंदी क्षणात चाळू शकते, आणि एकेका मार्गदर्शकावर शेकडो खेळाडूंचा भार असताना ही मदत तुच्छ लेखण्यासारखी नाही. निष्कर्ष निघतो तो क्रमाविषयी. खेळाडूंच्या शिक्षणात विदेचा उपयोग करू पाहणाऱ्या कोणत्याही योजनेला तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. खेळ सोडून गेलेल्यांची, विशेषतः अपयशी ठरलेल्यांची व दुखावलेल्यांची, पाच-दहा वर्षांनंतरची हकीकत तिच्या छेदात आहे काय? तिचे भाकीत एखाद्या माणसाच्या संभाषणात संपते, की शिक्क्यात? आणि ज्याच्याविषयी ती विदा आहे, त्या खेळाडूला ती वाचता, तपासता आणि खोडून काढता येते काय?

यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. निघून गेलेल्यांचे पत्ते जपून ठेवणे आणि त्यांच्याकडे चौकशी करणे पुरेसे आहे. अमेरिकेतील विद्यापीठांनी सत्राचा एकेक गुण दशकानुदशके मोजला, पण हे साधे काम आपल्या निर्देशांकात बसविले नाही, कारण निघून गेलेला खेळाडू संघाच्या उपयोगाचा उरला नव्हता. शिक्षणाचे काम मात्र नेमके तेथून सुरू होते. जी योजना त्या माणसापर्यंत पोचत नाही, ती कितीही बुद्धिमान असली, तरी तिला खेळाडूच्या उत्तरायुष्याविषयी बोलण्याचा अधिकार पोचत नाही.